सबवूफरमधून सतत हमिंग येतंय. अर्थिंगची पिन काढली तर चालेल का?

पिन काढू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुमची जोडणी मला समजली ती अशी: केबलचा सेट-टॉप बॉक्स टीव्हीला, टीव्हीतून एचडीएमआयने रिसीव्हरला (म्हणजे होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरला), आणि रिसीव्हरमधून लांब आरसीए वायरने (मध्ये पिन, भोवती कडं असलेली ऑडिओ वायर) स्वतःची पॉवर असलेल्या सबवूफरला. आवाज शून्यावर आणला तरी सब ‘हूंऽऽ’ करत राहतो, आणि दुकानदाराने सांगितलंय की सबच्या थ्री पिनमधली जाड पिन काढून टाका.

हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो, कारण पिन काढली की हमिंग बऱ्याचदा खरंच जातं. पण ती जाड पिन इतरांपेक्षा लांब ठेवलेली असते ती प्लग खोचताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं म्हणून. उद्या सबच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज मागच्या धातूच्या प्लेटला लागला, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर २३० व्होल्ट त्या प्लेटवर बसून राहतात, आणि आरसीए वायरच्या बाहेरच्या जाळीतून रिसीव्हर आणि टीव्हीपर्यंतही पोचतात. घरात लहान मूल असो वा नसो, मी हे कुणालाही करू देणार नाही.

आता दोष शोधूया. रिसीव्हर आणि सब दोन्ही बंद करा, सबच्या मागची आरसीए वायर काढा, आणि फक्त सब चालू करा. (वायर काढता-लावताना पॉवर बंदच हवी. आरसीएची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते, आणि त्या क्षणी सब जो दणका देतो त्यात कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, फाटू शकतो.)

वायर काढूनही आवाज येत असेल तर दोष सबच्या आत आहे. कोनवर बोट अलगद टेकवा. कोन थरथरत नसेल आणि आवाज डब्यातूनच येत असेल, तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय. मेकॅनिककडून त्याचे स्क्रू आवळून घेतले की बरेचदा भागतं. कोन थरथरत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर बघायला हवेत. त्यांची डोकी फुगलेली दिसतात किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग असतो. मोबाइलवर स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते) दाखवणारं एखादं फुकट ॲप घेऊन सबजवळ धरा. कपॅसिटर खराब असेल तर मुख्य रेघ १०० हर्ट्झवर उभी राहते, कारण एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५० हर्ट्झच्या प्रत्येक लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरतो. हे काम मेकॅनिककडेच द्या. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला वाटतं की वायर काढताच तुमचा सब गप्प होईल. मग प्रश्न ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून वायरींच्या जाळीत फिरणाऱ्या प्रवाहाचा, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये माझा पहिला संशय केबलवाल्याच्या वायरवर असतो. ओळखीच्या एका घरी हेच झालं होतं. सब बदलून आणला, आरसीए वायर बदलली, फरक शून्य. मी सेट-टॉप बॉक्सच्या मागचा गोल, आटे असलेला कनेक्टर फिरवायला घेतला. शेवटचा आटा सुटून कडं बॉक्सपासून वेगळं झालं तसा ‘हूंऽऽ’ एकदम तुटला. परत टेकवलं की पुन्हा सुरू.

कारण साधं आहे. ती वायर गच्चीवरून, जिन्यातल्या ॲम्प्लिफायरमधून येते आणि तिची जाळी दुसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणी जमिनीला लागलेली असते. तुमच्या सबचं अर्थिंग वेगळं. दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या फरकाचा ५० हर्ट्झचा प्रवाह केबलची जाळी, बॉक्स, एचडीएमआय, रिसीव्हर, आरसीएची जाळी असा फिरत सबमार्गे जमिनीत जातो. जाळीवर पडणारे ते काही मिलिव्होल्ट सबला गाण्याचाच भाग वाटतात. ते रिसीव्हरच्या व्हॉल्यूमच्या पुढे घुसतात, म्हणून व्हॉल्यूम शून्य करून काही होत नाही. आणि छोट्या स्पीकरना ५० हर्ट्झ धड वाजवताच येत नाही, सबचं तर तेच काम, म्हणून तक्रार नेहमी सबचीच.

तेव्हा आधी ती केबल काढून बघा. काढताना झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा आणि केबलवाल्याला बोलवा. आवाज गेला तर केबल आणि बॉक्सच्या मध्ये कोॲक्सचा (केबलच्या त्या गोल वायरचा) ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. छोटीशी नळी असते; चॅनेलचा सिग्नल जाऊ देते, ५० हर्ट्झ अडवते. छतावर डिश असेल तर हा उपाय नको, कारण डिशला त्याच वायरमधून डीसी पुरवठा जातो आणि आयसोलेटर तोही अडवतो. तिथे टीव्ही ते रिसीव्हर ऑप्टिकल वायर वापरा आणि एचडीएमआय काढून ठेवा. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तिथेच तुटतो.

केबल काढूनही फरक पडला नाही तर टीव्ही, रिसीव्हर आणि सब तिन्ही एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तुमचा सब बहुधा खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर आहे. आरसीए वायर पॉवरच्या वायरींना समांतर जात असेल तर दूर करा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. शेवटचा उपाय म्हणजे सबच्या आरसीएवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. पण स्वस्तातला घेऊ नका. त्याच्या लहानशा लोखंडी गाभ्याची चुंबकत्व पेलायची मर्यादा खालच्या सुरांना लवकर संपते, आणि हमिंगबरोबर बेसही जातो.

एक गोष्ट बऱ्याच जणांकडून राहून जाते. रिसीव्हरच्या धातूच्या अंगाला बोट लावल्यावर हमिंग कमी होतं का, किंवा हलक्या झिणझिण्या येतात का? तसं असेल तर घरातलं अर्थिंगच तुटलेलं असण्याची शक्यता आहे. जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्याला मागे वायरच नसते. मग आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, सबचं नंतर बघू. केबल काढल्यावर काय झालं ते खाली लिहा, आणि ॲपवर रेघ ५० ला आली की १०० ला तेही सांगा.