अमेरिकेत नकोशा ईमेलमागे खरंच ५०० डॉलर मिळतात का?

तुम्ही विचारलंय की सिएटलजवळ राहायला आल्यापासून एका कपड्यांच्या दुकानाचे रोज ईमेल येतात, विषयाच्या ओळीत 'आज शेवटचा दिवस' लिहिलेलं असतं आणि सवलत दुसऱ्या दिवशीही चालूच असते. अशा प्रत्येक ईमेलमागे राज्याच्या कायद्याने ५०० डॉलर मिळतात हे खरं का, आणि असे ईमेल सरसकट बंद का करत नाहीत?

आकडा खरा आहे. फक्त तो ईमेल नकोसा आहे म्हणून मिळत नाही, त्यात खोटं आहे म्हणून मिळतो. मी इथे बरीच वर्षं ईमेलचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे हा फरक रोज डोळ्यांसमोर असतो. अमेरिकेतले राज्यांचे ईमेल कायदे समजून घ्यायचे तर सगळं याच फरकावर येऊन थांबतं.

सुरुवात नेवाडाने केली, १९९७ साली. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन राज्याने, म्हणजे सिएटल ज्यात येतं त्या तुमच्या राज्याने, कायदा केला. त्यात दोन मुख्य गोष्टी होत्या: व्यापारी ईमेल कुठून आला हे लपवायचं नाही आणि विषयाच्या ओळीत खोटं किंवा दिशाभूल करणारं काही लिहायचं नाही. मोडलं तर ईमेल मिळणाऱ्याला ५०० डॉलर आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला १,००० डॉलर, किंवा झालेलं नुकसान त्याहून जास्त असेल तर ते. कंपनीला वेगळी भरपाई का? कागदी जाहिरातीचा टपालखर्च पाठवणारा भरतो. ईमेलचा बोजा मात्र घेणाऱ्याच्या सर्व्हरवर, जागेवर आणि माणसांवर पडतो. आम्हा सर्व्हरवाल्यांची ही जुनी तक्रार कायद्यात उतरली याचं मला आजही समाधान वाटतं.

या कायद्याची पहिली मोठी परीक्षा ऑरेगनच्या जेसन हेकेलच्या खटल्यात झाली. इंटरनेटवरून पैसे कसे कमवावेत याची पुस्तिका तो ३९.९५ डॉलरला विकायचा आणि त्यासाठी आठवड्याला एक लाख ते दहा लाख ईमेल पाठवायचा. महिन्याला खपायच्या जेमतेम ३० ते ५० प्रती! विषयाच्या ओळीत 'हा पत्ता बरोबर आहे ना?' अशा अर्थाचं काहीतरी असायचं, म्हणजे ओळखीच्या कुणीतरी लिहिलंय असं समजून माणूस ईमेल उघडणार. एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याला बांधू शकत नाही, असं म्हणून खालच्या कोर्टाने खटला काढून टाकला. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो निकाल फिरवला. कायदा व्यापाऱ्याकडून फक्त खरेपणा मागतो, प्रामाणिक व्यापाराला त्याची मदतच होते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

आता 'सरसकट बंद का नाही' याबद्दल. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये नेमकं तेच ठरवलं होतं: घेणाऱ्याने आधी होकार दिल्याशिवाय जाहिरातीचा ईमेल नाही. १ जानेवारी २००४ पासून ते लागू व्हायचं होतं. तोवर तीसहून जास्त राज्यांचे वेगवेगळे नियम झाले होते, आणि ईमेलच्या पत्त्यावरून माणूस कुठल्या राज्यातला हे कळत नाही, ही अडचण पुढे करून संसदेने देशभरासाठी 'कॅन-स्पॅम' कायदा आणला. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी १६ डिसेंबर २००३ ला त्यावर सही केली आणि बरोबर १ जानेवारीपासून तो लागू झाला. कॅलिफोर्नियाचा होकाराचा नियम अंमलात यायच्या आधीच संपला.

केंद्राच्या या कायद्यात आधी होकार लागत नाही. पाठवणाऱ्याने टपालाचा पत्ता द्यायचा आणि 'अनसबस्क्राइब' केल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत ईमेल थांबवायचे. साध्या माणसाला या कायद्याखाली स्वतः दावाही लावता येत नाही. माझ्या मते हा ग्राहकावर अन्याय होता आणि कॅलिफोर्नियाचीच वाट बरोबर होती. पण एक फट ठेवली गेली: खोटेपणा आणि फसवणूक यांविरुद्धचे राज्यांचे नियम शाबूत राहिले. तुमचे ५०० डॉलर त्या फटीतून येतात.

व्हर्जिनियाची गोष्ट वेगळी. तिथे खोट्या हेडरने (ईमेल कुठून, कुणाकडून आला हे सांगणारा ईमेलचा भाग) २४ तासांत १०,००० हून जास्त नकोसे ईमेल पाठवणं हा गंभीर गुन्हा होता, आणि असे ईमेल पाठवणाऱ्या जेरेमी जेन्सला नऊ वर्षांची शिक्षा झाली. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदाच रद्द केला, कारण त्यात व्यापारी ईमेल आणि निनावी राजकीय किंवा धार्मिक लिखाण असा भेद केलेला नव्हता. जेन्स सुटल्याचं वाईट वाटलं, तरी निकाल मला पटतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक आणि उगम लपवणाऱ्या ईमेलचाही समावेश होता. पण शब्द इतके सैल होते की २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली, आणि २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अख्खं कलम रद्द केलं. ईमेलबद्दलचा भागही त्याच्याबरोबर गेला.

तुमच्या दुकानाकडे येतो. ओल्ड नेव्ही या कपड्यांच्या कंपनीविरुद्धच्या दाव्यात नेमका हाच आरोप होता, की सवलत संपतेय असं विषयाच्या ओळीत म्हणायचं आणि ती पुढे चालू ठेवायची. कंपनीचा बचाव असा की ईमेल जाहिरात आहे हे लपवलं तरच कायदा मोडतो. एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नाकारला. विषयाच्या ओळीतली कुठलीही खोटी माहिती चालणार नाही. त्यानंतर अशा दाव्यांची रीघ लागली. मात्र 'वर्षातली सर्वांत भारी सवलत' ही नुसती फुशारकी झाली, त्यावर दावा टिकणार नाही. 'आज रात्री संपतेय' हे मात्र खरं-खोटं तपासता येणारं विधान आहे.

म्हणून ते ईमेल पुसू नका, पूर्ण हेडरसकट जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच सवलत दुकानाच्या साइटवर दिसली, तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. तुम्ही वॉशिंग्टनचे रहिवासी आहात हे दुकानाला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, हे दाखवावं लागेल. त्यासाठी तिथून घरी मागवलेल्या वस्तूची पावती उपयोगी पडेल. मग ग्राहकांचे दावे लढवणाऱ्या वकिलाला भेटा. राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, तक्रार तुम्ही स्वतःच करू शकता.