मेटल: हेलसिंगर घ्यावा का? समीक्षा वाचताना मी काय बघतो

साताऱ्याहून तुम्ही विचारलंय की मेटल: हेलसिंगर या गेमच्या समीक्षा वाचून काहीच ठरत नाही. एक जण डोक्यावर घेतो, दुसरा म्हणतो पाच तासांत संपतो आणि तोच बॉस, म्हणजे भागाच्या शेवटचा मोठा शत्रू, पुन्हा पुन्हा येतो. मेटल संगीत तुम्ही कधी ऐकलेलं नाही, आणि पैसे घालायचे की नाहीत हा प्रश्न आहे. मी हा गेम दोन वर्षं अधूनमधून खेळतोय. त्याआधी रेझ आणि हॉटलाइन मायामी हे संगीताशी जुळलेले गेम भरपूर खेळलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉकहोमच्या द आउटसायडर्स या स्टुडिओने तो केला आणि फनकॉमने १५ सप्टेंबर २०२२ ला बाजारात आणला. नरकाचे आठ भाग आहेत, समोर राक्षस येतात आणि बंदूक, तलवार, जे हातात असेल ते गाण्याच्या ठेक्यावर चालवायचं. ठेका चुकला तरी गोळी सुटते, पण मार कमी बसतो आणि 'फ्युरी' चढत नाही. ही फ्युरी १ वरून २, ४, ८ अशी वाढत १६ पटीपर्यंत जाते. तिच्या प्रत्येक पायरीला गाण्यात भर पडते. सुरुवातीला नुसता सांगाडा ऐकू येतो, मग गिटार भरत जातात, आणि १६ ला पोचलात की गायक गायला लागतो. भजनात शेवटी गजर चढतो आणि मागे बसलेले सगळे एकदम आवाज देतात, तो क्षण आठवा. इथे तो क्षण तुम्हाला कमवावा लागतो, आणि दोन-चार ठेके हुकले की हातचा जातो.

म्हणून मी समीक्षा वाचताना गुणांचा आकडा बघतच नाही. गायकाच्या आवाजाबद्दल लिहिणाऱ्याने काय म्हटलंय ते शोधतो. 'स्टिजिया' या भागात अलिसा व्हाइट-ग्लुझ गाते, 'बरियल ॲट नाइट' तात्याना श्मायल्युकचं आहे, 'धिस डिव्हास्टेशन' मॅट हीफीचं, आणि 'नो टुमॉरो'साठी सिस्टम ऑफ अ डाउन या बँडचा सर्ज टँकियन आणलाय. ज्याने ही गाणी सलग ऐकली, तो त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहतच नाही. ज्याच्या लेखात फक्त शत्रू, शस्त्रं आणि तास यांचा हिशोब आहे, तो बहुतेक वेळ ४ आणि ८ पटीतच घुटमळत होता असं मी धरून चालतो. त्याचं लिहिणं खोटं नसतं, पण त्याने खेळलेला गेम वेगळा होता.

तो तिथे का घुटमळला असेल? हे मी घरातच पाहिलं. गेल्या दिवाळीत भाचा आला होता. आमच्या विश्रामबागच्या घरात हॉलमधला टीव्ही मोठा आहे आणि त्याला ब्लूटूथचा साउंडबार जोडलेला. त्याने कन्सोल तिथेच लावला. पोरगं हाताने चपळ, इतर नेमबाजीच्या गेममध्ये मला उभं राहू देत नाही. पण इथे फ्युरी २ च्या वर सरकेना. तो वैतागला, "मामा, मी बरोबर मारतोय की!" मी मागे उभा राहून त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. तो खरंच बरोबर मारत होता. ऐकू येणाऱ्या ठेक्यावर अगदी नेमकं बोट पडत होतं. पण तो ठेकाच त्याच्यापर्यंत उशिरा पोचत होता.

हे आपल्याकडच्या कुणालाही समजेल. मिरवणुकीत लांबून ढोल बघताना काठी पडलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो. सत्तरएक मीटरवर उभे असाल तर सेकंदाचा पाचवा हिस्सा उशीर होतो, म्हणजे दोनशे मिलिसेकंद. साध्या ब्लूटूथमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो. म्हणजे सोफ्यावर बसून तुम्ही गाणं चौकाच्या पलीकडून ऐकताय. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो, त्यात हा उशीर एका ठोक्याच्या तीस-चाळीस टक्के झाला. मी लहानपणी मिरजेत तबला शिकलो. समेवर येणारा माणूस इतका मागे राहिला तर गुरुजी ताबडतोब थांबवायचे. गेम थांबवत नाही, तो मुकाट्याने कमी गुण देतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपल्याला जमत नाही किंवा गेमच नीरस आहे.

साउंडबार काढला, तारेचे हेडफोन कंट्रोलरला लावले, टीव्हीवर गेम मोड चालू केला, मग गेमच्या सेटिंगमधलं कॅलिब्रेशन, म्हणजे आवाजाच्या उशिराचा मेळ बसवणं, दोनदा केलं. तासाभरात तो १६ ला पोचला. गायकाचा आवाज कानात पडला आणि तो सोफ्यावरून उठून उभाच राहिला. उरलेला नरक त्याने उभ्यानेच खेळला. अशा माणसाला आदल्या संध्याकाळी समीक्षा लिहायला सांगितली असती तर त्याने दहात पाच दिले असते, आणि ते प्रामाणिकपणे दिले असते.

आता तक्रारींकडे येतो, कारण त्या सगळ्याच उशिरामुळे आलेल्या नाहीत.

बॉसची तक्रार शंभर टक्के खरी आहे. प्रत्येक नरकाच्या शेवटी जवळपास तीच आकृती समोर येते, हल्ल्याची पद्धत बदलते, पण पहिल्यांदा वाटलेला धाक तिसऱ्यांदा उरत नाही. शत्रूंचे प्रकारही कमी आहेत. ज्या गेमने संगीताच्या बाबतीत इतका जीव ओतलाय, टू फेदर्स या जोडीकडून मुळापासून नवी गाणी करून घेतलीत, त्याने प्रत्येक गाण्याला साजेसा शेवट द्यायला हवा होता. मला या गेमवर प्रेम आहे आणि म्हणूनच हे खटकतं. मेटलच्या चाहत्यांनी लिहिलेल्या समीक्षांत हा दोष गाण्यांच्या जोशात पुसट होतो, तेव्हा त्या वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

लांबीची तक्रार मात्र मला पटत नाही. ती नवीही नाही. तेत्सुया मिझुगुचीचा रेझ २००१ मध्ये आला तेव्हाही हेच म्हटलं गेलं: देखणा आहे, पण पाच भाग, लगेच संपतो. तो गेम २००८ मध्ये नव्याने आला, २०१६ मध्ये व्हीआरसह (डोळ्यांवर चष्मा लावून खेळायच्या आभासी जगासह) पुन्हा आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये व्हीआरचा पुरस्कार घेऊन गेला. लोक त्याच पाच भागांकडे परत येत राहिले. रेझची युक्तीही सांगण्यासारखी आहे. तिथे तुम्ही बटण कधीही दाबा, गेम तुमच्या नेमबाजीचा आवाज किंचित धरून ठेवतो आणि पुढच्या मात्रेवर सोडतो. त्यामुळे कुणाच्याही हातून संगीतच निघतं. हेलसिंगर बरोबर उलट वागतो, लय तुम्ही धरायची. म्हणून रेझमध्ये पहिल्याच दिवशी आनंद मिळतो आणि हेलसिंगर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उलगडतो. ज्याने एकदा संपवून लेख लिहिला त्याला ही फेरी मिळालीच नाही. नरक पार करत जाल तशी उघडणारी 'टॉर्मेंट' नावाची छोटी आव्हानं आणि गुणांचा तक्ता, हेलसिंगरचा खरा मुक्काम तिथे आहे.

बीपीएम: बुलेट्स पर मिनिट हा २०२० चा, असाच ठेक्यावर चालणारा गेम आणखी कडक आहे, ठेका सोडून बंदूक झाडताच येत नाही. त्याच्या भडक रंगांवर बरीच टीका झाली आणि ती योग्य होती, डोळे शिणतात. तुमच्यासाठी तो नको.

हॉटलाइन मायामीचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून सांगतो. २०१२ च्या त्या गेममध्ये ठेका धरण्याची सक्ती कुठेच नाही, तरी हात आपोआप गाण्याबरोबर चालतात. शेवटच्या मजल्यावरचा शेवटचा माणूस पडला की गाणं तुटतं, एक बधिर घरघर उरते, आणि तुम्हाला त्याच प्रेतांमधून चालत गाडीपर्यंत परत जावं लागतं. समीक्षकांनी ज्या जागेचं मनापासून कौतुक केलं त्यातली ही एक, आणि मी आजही ती चाल पळत संपवतो. २०१५ चा दुसरा भाग तितका वाखाणला गेला नाही. मैदानं मोठी झाली, पडद्याबाहेरून गोळी येऊन तुम्ही मरता आणि हाताला लागलेली लय दर मिनिटाला मोडते.

तर तुमच्यापुरतं सांगायचं झालं तर घ्या. मेटल ऐकलेलं नसलं तरी चालतं, माझ्या भाच्यानेही ऐकलेलं नव्हतं. तारेचे हेडफोन लावा, कॅलिब्रेशनला दहा मिनिटं द्या आणि 'लॅम्ब' या सगळ्यात सोप्या पातळीवर सुरू करा. लढाई नसताना, एका दालनातून दुसऱ्यात जातानाही, पॅझ नावाची कवटी (तीही एक शस्त्रच आहे) ठेक्यावर चालवत राहा, तिला गोळ्या भराव्या लागत नाहीत आणि लय हातातून सुटत नाही. पहिला नरक शिकण्यात जाईल. स्टिजिया दुसरा आहे. तिथे अलिसाचा आवाज निदान एक मिनिटभर सलग ऐकू आला की मला इथेच कळवा. दोन-तीन संध्याकाळ घालवूनही आला नाही, तर टीव्ही कोणता आणि आवाज कशातून ऐकताय ते लिहा, सेटिंग आपण मिळून बघू.