वाचकांचे प्रश्न : बोल्ट किती आवळायचा?

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं इंदूर आणि आसपासची आहेत, आणि सगळ्यांचा विषय एकच निघाला: उघडलेलं इंजिन परत बांधताना बोल्टना द्यायचा टॉर्क, म्हणजे फिरवून आवळण्याचा जोर. काही प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे. सहा महिन्यांपूर्वी हेड (सिलिंडरांच्या ब्लॉकवरचं झाकण) उतरवून फेसिंग केलं, म्हणजे तळ घासून सपाट केला, आणि हेड-ब्लॉकमधलं गॅसकेट नवीन टाकलं. तरी गॅसकेट पुन्हा गेलं, तेही दोन सिलिंडरच्या मधूनच. माझ्याजवळच्या कागदावर हेड बोल्टसाठी ५.५ ते ६ असा आकडा आहे. मिस्त्रींनी टॉर्क पाना (लावलेल्या जोराला ‘टक’ वाजणारा) ५५ वर लावला होता. मग चुकलं कुठे? (रामबाग, इंदूर)

उत्तर : त्या पान्यावर ५५ कसले होते, ते आधी पाहा. कागदावरचा आकडा किलो-मीटरमध्ये (किलोचा जोर गुणिले मीटर) आहे. १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, किंवा ७.२३ फूट-पाउंड. म्हणजे ५.५ ते ६ किलो-मीटर म्हणजे ५४ ते ५९ न्यूटन-मीटर, आणि फूट-पाउंडात ४० ते ४३. पाना न्यूटन-मीटरचा असेल तर मिस्त्रींचं बरोबर होतं. पण बऱ्याच पान्यांच्या दांड्यावर दोन पट्ट्या कोरलेल्या असतात आणि ठळक दिसणारी पट्टी पुष्कळदा फूट-पाउंडाची असते. तिच्यावर ५५ लावलं तर बोल्टला जवळजवळ ७५ न्यूटन-मीटर मिळाले, म्हणजे कमाल आकड्याच्याही सव्वापट.

जास्त आवळलं म्हणजे जास्त पक्कं, असं हेडच्या बाबतीत होत नाही. बोल्ट ही कडक स्प्रिंग आहे. ती ताणली जाते आणि परत आखडू पाहते, त्या ओढीनेच हेड ब्लॉकवर दाबून राहतं. लवचिकतेची हद्द ओलांडली की बोल्ट कायमचा लांबतो. इंजिन तापलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकपेक्षा जास्त फुगतं आणि बोल्टवर आणखी ताण येतो. थंड झाल्यावर लांबलेल्या बोल्टची पकड आधीपेक्षा कमी उरते. अशा शे-दोनशे फेऱ्यांनंतर गॅसकेट सगळ्यात अरुंद जागी जळतं, आणि ती जागा म्हणजे दोन सिलिंडरमधली पट्टी.

आता काय करावं? ते बोल्ट परत वापरू नका. खात्री करायची असेल तर प्रत्येक बोल्टवर त्याच मापाचं नवं नट हाताने फिरवत शेवटपर्यंत न्या. मध्ये कुठे अडलं तर तिथले आटे ताणले गेलेत. नव्या बोल्टशेजारी उभा करून लांबीही ताडून पाहा. हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) घाला. साधारण ०.०५ मिमीचं पान आत शिरत असेल तर फेसिंग पुन्हा करावं लागेल. ब्लॉकचा वरचा भागही असाच तपासा. तो तपासायचं बहुतेक जण विसरतात आणि दोष हेडच्या लेथवाल्यावर जातो.

बसवताना ब्लॉकमधली बोल्टची भोकं टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करून हवेने फुंका. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं. टॉर्क पाना आकडा दाखवतो, पण बोल्ट टेकलेलाच नसतो. कधी कधी या दाबाने ब्लॉकलाच तडा जातो. आट्यांवर आणि बोल्टच्या डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवा, थेंब गळेल इतकं नाही. मधल्या बोल्टपासून सुरू करून दोन्ही बाजूंना आलटून-पालटून बाहेर जा: पहिली फेरी २० न्यूटन-मीटरला, दुसरी ४० ला, तिसरी शेवटच्या आकड्याला. प्रत्येक फेरीचा क्रम तोच. सोडवताना उलट, बाहेरून आत. हेड गरम असताना कधीही सोडवू नका, ते वाकडं होतं.

प्रश्न : डिझेल गाडीच्या मॅन्युअलमध्ये हेड बोल्टला ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश असं दिलंय. मिस्त्री म्हणतो, ‘भैया, ये अंश-वंश कंपनी के नखरे हैं, ९० पे कस देते हैं.’ शिवाय जुनेच बोल्ट टाकायचे म्हणतो, नवा सेट महाग पडतो. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : नखरे नाहीत. टॉर्क पाना बोल्टची ओढ मोजत नाही, फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष ओढ निर्माण करायला उरतात जेमतेम दहा टक्के. घर्षण थोडंसं बदललं तरी ओढ बरीच बदलते. अंशांचा उपयोग इथे होतो. ४० न्यूटन-मीटरने बोल्ट नीट टेकतो. पुढे किती फिरवलं तेवढाच तो ओढला जातो, त्यात घर्षणाचा संबंध उरत नाही. १.५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) बोल्ट ९० अंश फिरला की ०.३७५ मिमी पुढे सरकतो, मग आटे कोरडे असोत की तेलकट.

असे बोल्ट मुद्दाम लवचिकतेच्या हद्दीपर्यंत किंवा तिच्या जरा पलीकडे ताणलेले असतात. त्या टप्प्यावर ओढ जवळजवळ स्थिर राहते, म्हणून सगळे बोल्ट सारखे पकडतात. म्हणूनच ते एकदाच वापरायचे. काही कंपन्या बोल्टची लांबी मोजून ठरावीक मर्यादेत असेल तर पुन्हा वापरू देतात, तसं मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच. नाही लिहिलं तर नवा सेट घ्या. गॅसकेट आणि मजुरी पुन्हा द्यावी लागण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो.

अंश मोजायला डायलचं गेज मिळतं. नसेल तर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी हेडवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा आणि पाव फेरा फिरवा. दोन पाव फेरे एका झटक्यात अर्धा फेरा करून उरकू नका. सगळ्या बोल्टना पहिला पाव फेरा, मग पुन्हा पहिल्यापासून दुसरा. शेवटी सगळ्या रेघा एकाच बाजूला दिसायला हव्यात. एखादी वेगळी दिसली तर तो बोल्ट राहिला आहे किंवा त्याला दोनदा फिरवलंय.

प्रश्न : नवं हेड गॅसकेट बसवून मानपूर घाट चढून आलो. हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे का? (महू)

उत्तर : गॅसकेट कुठलं आहे त्यावर. जुन्या पद्धतीच्या, तंतुमय थरांच्या गॅसकेटचे थर दबतात, तिथे कंपनीने सांगितलं असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना आवळतात. पत्र्याच्या अनेक थरांच्या गॅसकेटला आणि अंशांनी आवळलेल्या बोल्टना पुन्हा हात लावायचा नाही.

प्रश्न : क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइज, म्हणजे बारीक झालेल्या क्रँकच्या मापाची, बेअरिंग टाकली. मेन कॅप (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणारी झाकणं) टॉर्कने आवळल्या तर क्रँक हाताने फिरत नाही. कॅप जरा ढिल्या केल्या की फिरते. मिस्त्री म्हणतो, चालवल्यावर मोकळी होईल. (देवास नाका, इंदूर)

उत्तर : चालवू नका. अशी क्रँक मोकळी होत नाही, बेअरिंग पकडते आणि क्रँकला चरे पाडते. ढिली ठेवून इंजिन बांधणं तर त्याहून वाईट, कारण कॅप पूर्ण आवळली तरच तिच्यातलं भोक गोल होतं आणि बेअरिंग मागे घट्ट बसतं.

कारण शोधायला एक-एक कॅप आवळत जा आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक फिरवून पाहा. ज्या कॅपला अडली तिथेच दोष. बहुतेक वेळा कॅपची जागा बदललेली असते किंवा ती उलटी लागलेली असते. कॅपवरचा नंबर आणि बाण पाहा, बाण टायमिंगच्या बाजूला असतो. कधी शेलच्या (बेअरिंगच्या अर्ध्या वाटीच्या) मागे कचरा किंवा कापडाचा धागा अडकतो, कधी शेलचा कान खाचेत बसलेला नसतो. यातलं काही नसेल तर जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कडेची गोलाई बघा. ग्राइंडिंगवाल्याने ती जास्त ठेवली असेल तर ती शेलच्या कडेवर चढते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, पण शेलच्या काठावर चमकदार रेघ उमटते.

जर्नल आणि शेलमधलं अंतर मोजायला प्लास्टिगेज (दबून चपटा होणारा प्लास्टिकचा धागा) वापरा. जर्नल आणि शेल पुसून कोरडं करा, जर्नलवर लांबीच्या दिशेने तुकडा ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळा, आणि क्रँक अजिबात न हलवता कॅप काढा. चपटा झालेला तुकडा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. अंदाजाचा नियम असा की जर्नलच्या दर २५ मिमी व्यासाला ०.०२५ मिमी अंतर. ५० मिमी जर्नलला ०.०५ च्या आसपास. नेमकी मर्यादा मॅन्युअलमधून घ्या. सगळ्यात शेवटी तेल लावून कॅप बसवा. मागचं ऑइल सील लावल्यावर क्रँक जरा जड फिरते, ते ठीक आहे.

प्रश्न : सियागंज बाजारात टॉर्क पाना घ्यायचा आहे. एकच घेतला तर कोणता? जागा अडचणीची असेल तर पुढे जोडतुकडा लावला तर चालतो का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : एकाने भागत नाही. पान्याच्या पट्टीच्या तळच्या पाचव्या भागात भरवसा ठेवू नये. ४० ते २०० चा पाना १० न्यूटन-मीटरला निरुपयोगी आहे, आणि कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) कॅपचे ६ मिमीचे बोल्ट बहुधा १०-११ लाच असतात. हे बोल्ट मोठ्या पान्याने तुटतात, आणि तुटलेला तुकडा काढताना हेडचे आटेही जातात. मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकण्याशिवाय इलाज नाही. तेव्हा ५ ते २५ चा पाव इंची टोकाचा आणि ४० ते २०० चा अर्धा इंची टोकाचा, असे दोन घ्या.

सॉकेटच्या सरळ रेषेतला उभा जोडतुकडा चालतो, आकडा बदलत नाही. पण पान्याच्या दिशेने पुढे वाढणारा आडवा तुकडा लावला तर हिशेब करावा लागतो: हवा तो टॉर्क गुणिले पान्याची लांबी, भागिले पान्याची लांबी अधिक तुकड्याची लांबी. पाना ४५० मिमी, तुकडा ५० मिमी, हवे ६० न्यूटन-मीटर, तर पाना ५४ वर लावा. तोच तुकडा पान्याला काटकोनात वळवला तर काही बदलायला नको.

‘टक’ झाला की थांबा, खात्रीसाठी दुसरा ‘टक’ नको. गंजलेले बोल्ट त्याने सोडवू नका. काम झालं की सेटिंग पट्टीच्या तळाला आणा, त्याच्याही खाली नाही. घरी ढोबळ तपासणी हवी असेल तर पान्याचं चौकोनी टोक शिकंज्यात आडवं धरा आणि ५० सेंटीमीटरवर १० किलोचं वजन टांगा. ते ४९ न्यूटन-मीटर झाले, पान्याच्या स्वतःच्या वजनामुळे किंचित जास्त. आकडा बराच दूर निघाला तर कॅलिब्रेशनला (माप तपासून जुळवायला) पाठवा, तसंही वर्षातून एकदा पाठवलेला बरा.

प्रश्न : स्पार्क प्लगला किती? (पलासिया, इंदूर)

उत्तर : १४ मिमी आट्यांचा, वॉशरवाला नवा प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. पाना नसेल तर हाताने टेकवून वर अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस लावू नका, तोच आकडा मग जास्त ओढ देतो.