जुन्या शिडाच्या बोटीवरचा हातपंपाचा कमोड इलेक्ट्रिक करून घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तीस फुटी जुनी शिडाची बोट गेटवेसमोर उभी असते, तुम्ही राहता खारघरला, शनिवार-रविवारी मांडव्यापर्यंत फेरी आणि कधीतरी एखादी रात्र बोटीवर. कमोड हातपंपाचा. त्याला वास मारतो, पंप जड झालाय, बसता-उठता अडचण होते, आणि घरून निरोप आहे की आधी तो संडास नीट करा, मग आम्ही येऊ. म्हणून बटणाचा कमोड बसवावा का?

बसवा, पण सगळ्यात शेवटी. वहिनी आणि आई ज्याला वैतागल्या आहेत, त्यातलं बटणाने जवळजवळ काहीच जात नाही.

आमचीही याच मापाची बोट आहे, ह्यांच्या आणि त्यांच्या जहाजावरच्या एका मित्राच्या भागीदारीत. सीवूड्सला मर्चंट नेव्हीवाले गल्लोगल्ली, त्यामुळे सल्ला द्यायला इंजिनिअरांची वाण नाही. पण त्या कोनाड्यात पाना घेऊन बसले ती मी, कारण पुरुषमंडळींना त्याची निकडच नव्हती. त्यांचं काम कठड्याला धरून भागतं.

आधी वास. तो दोन ठिकाणांहून येतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा. बोट आठवडाभर उभी राहिली की पाणी आत घेणाऱ्या पाइपात समुद्राचं पाणी साचून राहतं. त्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात, प्राणवायू संपतो, आणि मग जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. शनिवारी पहिला पंप मारला की सडक्या अंड्यांचा भपका येतो तो हा. घाण त्यात कुणाचीच नसते. फिनेल ओतून तो जात नाही, कारण उगम भांड्यात नसून पाइपात आहे.

दुसरा वास बाहेर जाणाऱ्या पाइपाचा. एक फडकं कढत पाण्यात बुडवून पिळा, पाइपाभोवती गुंडाळा, गार झालं की काढून हुंगा. फडक्याला वास लागला असेल तर पाइपाच्या भिंतीतून वास झिरपतोय, आणि तो पाइप कितीही धुतलात तरी सुधारणार नाही. बदलायचाच. मुंबईच्या दारुखाना भागात, जहाजी सामानाच्या दुकानांत मागताना ३८ मिलिमीटरचा सॅनिटेशन होज असं स्पष्ट मागा, साधा पाण्याचा पाइप या कामाला चालत नाही. दोन्ही टोकांना ३१६ स्टीलचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारे, दोन-दोन क्लिप लावा.

जुना पाइप फेकण्याआधी मात्र एकदा कापून बघाच. आमच्या पाइपाचं भोक आत जेमतेम अंगठा जाईल एवढं उरलं होतं. बाकी सगळा राखाडी-पांढरा, खरखरीत थर. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की कॅल्शियमचे क्षार बसत जातात, त्याचा तो थर. पंप जड झालाय अशी तुमची तक्रार आहे ना, ती बहुधा पंपाची नसून या थराची. पंपाच्या मागच्या तोंडाशी एक रबरी व्हॉल्व्ह असतो, जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. त्याचे ओठ मिटलेले असायला हवेत. क्षार चढून ते उघडे राहिले की पाइपातलं पाणी पुन्हा भांड्यात येतं. पंप मारून भांडं कोरडं करा आणि अर्ध्या तासाने बघा, तळाशी तपकिरी पाणी दिसलं तर तो व्हॉल्व्ह गेला. छोटी वस्तू आहे, दरवर्षी बदलावी.

आता पाण्याचं. परदेशी लोकांच्या सल्ल्यांत हा भागच नसतो, कारण त्यांची सगळी चर्चा कागद अडकतो की नाही यावर. आपल्याला धुवायला पाणी लागतं, आणि कललेल्या बोटीत भरलेला मग ठेवायचा कुठे? आम्ही गोड्या पाण्याच्या टाकीवर बारा व्होल्टचा छोटा प्रेशर पंप बसवला आणि कमोडशेजारी घरच्यासारखा जेट. घ्यायचा तो प्लॅस्टिकचा, क्रोमचा मुलामा खाऱ्या हवेत टिकत नाही. जेटच्या मागे बंद करायचा कॉक हवाच, नाहीतर जेट थेंबथेंब गळून रात्रीत टाकी रिकामी आणि पंप आपला दर थोड्या वेळाने गुरगुरतोय.

या जेटने आमचा पहिला वासही गेला, कारण समुद्राचं पाणी आत घ्यायची गरजच उरली नाही. समुद्राचं पाणी आत घ्यायचं की भांडं नुसतं उपसायचं हे ठरवणारी एक खिटी पंपावर असते, ती कोरड्या म्हणजे नुसतं उपसायच्या बाजूला ठेवायची, भांड्यात जेटनेच पाणी मारायचं आणि पंपाने बाहेर काढायचं. क्षारही कमी धरतात. फक्त गोड्या पाण्याची लाइन थेट या पंपाला जोडू नका, कमोडमधलं पाणी उलटं पिण्याच्या टाकीकडे जाऊ शकतं. भांड्यावरून हवेतून पाणी पडलं पाहिजे, आणि जेट वापरून झाला की कडीला अडकवायचा, भांड्यात लोंबकळत ठेवायचा नाही. पंप मारण्यात कंजुषी नको. ३८ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे एक लिटरहून थोडं जास्त मावतं, तेव्हा दोन मीटर पाइप असेल तर पाव लिटरवर भागवलेलं सगळं मध्येच अडकून राहणार आणि तिथूनच झिरपणार.

आत घेणारा पाइप वापरात नसला तरी बुडातला सीकॉक, म्हणजे तिथला पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह, बंदच ठेवा. कमोडची कड बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असेल तर दोन्ही पाइपांना उलट्या यू आकाराचा वळसा आणि वळशाच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह लागतो. बोट कललेली असतानाही तो माथा पाण्याच्या चांगला वर राहिला पाहिजे. हा वळसा नसल्याने सायफन लागून धक्क्याला उभ्या बोटी कमोडमधून भरून बुडाल्या आहेत.

आईंसाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे उंची. घरच्या कमोडची बैठक साधारण ४० सेंटीमीटरवर असते, बोटीवरची लहान भांडी बरीच खाली. गुडघे दुखणारं माणूस तिथून डुलत्या बोटीत उठणार कसं? जॅब्स्कोसारख्या प्रचलित कमोडला लहान आणि मोठं अशी दोन भांडी मिळतात, पंप तोच राहतो. मोठं भांडं घ्या आणि खाली मरीन प्लायचा चौथरा करून त्यावर फायबर चढवा. मात्र पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर बोट कलली की माणूस घसरतं. हातासाठी दोन उभे दांडे, एक उजवीकडे, एक समोर. रबाळे एमआयडीसीत स्टीलचं काम करणारे पुष्कळ आहेत, ३१६ चे करून देतात. ते आतून पट्टी लावून बोल्टाने आरपार बसवा. नुसत्या स्क्रूवर सबंध माणसाचा भार टाकू नका. आणि झाकणाचा एक छोटा डबा भिंतीला पक्का करा. पॅड, ओले टिश्यू, केस यांतलं काहीही पंपात जाता कामा नये, आणि डबाच नसेल तर पाहुणीने करायचं काय?

मैला जातो कुठे हेही बघायला हवं. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं चौथं परिशिष्ट ४०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या किंवा १५ हून जास्त माणसांच्या जहाजांना लागू, तुमच्या बोटीला नाही. त्यात प्रक्रिया न केलेल्या मैल्यासाठी किनाऱ्यापासून १२ सागरी मैल सांगितले आहेत आणि आम्ही तेच माप धरतो. गेटवे ते मांडवा जाताना एवढं अंतर कुठेच भरत नाही. खाडीत तर विचारही नको, ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. म्हणजे मैला साठवायची टाकी हवी. तिला हवेचा पाइप जाड घ्या, हवा खेळती राहिली की टाकी कमी घाण मारते. नाहीतर सरळ पोर्टेबल कमोड, खाली साधारण २० लिटरची टाकी असलेला. दिवसाच्या फेरीला मला तोच खरा शहाणपणाचा वाटतो. बुडाला भोक नाही, पाइप नाही, रविवारी रात्री घरच्या संडासात ओतला की झालं. भरलेला डबा लिफ्टमधून नेताना शेजारच्या काकांनी 'पिकनिकचा कूलर का?' असं विचारलं होतं. मी हो म्हटलं.

कंपोस्ट कमोडचं कौतुक तुम्ही वाचलं असेल. त्यात कोकोपीट भरतात, आणि ते आपल्याकडे कुठल्याही नर्सरीत मिळतं. पण त्यात लघवी वेगळी आणि बाकीचं कोरडं राहायला लागतं. धुण्याचं पाणी पडलं की सगळा चिखल. आपल्या घरांत तो चालणार नाही.

आता बटण. बॅटरीची भीती बाळगू नका. २० अँपिअर आणि २० सेकंद धरले तर एका फ्लशला ०.११ अँपिअर-तास, किरकोळ. खर्च येतो तो तारेचा. बॅटरीपासून पाच मीटरवर कमोड असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर होतात, तिथे १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते, तेव्हा कुठे व्होल्टेजची घट तीन टक्क्यांच्या आत राहते. बारीक तारेवर मोटर रडतखडत चालते आणि अडकली की जळते. फ्यूज बॅटरीजवळ. आवाज एवढा की रात्री एकजण उठला तर सगळे उठतात. हातपंपाला निदान बॅटरी उतरल्याची चिंता नाही.

बुडातले व्हॉल्व्ह बघायचे असतील तर ते काम पावसाळ्यात बोट वर काढाल तेव्हाच करा. जेट, दांडे आणि पाइप मात्र आत्ताही होतील. बोट पाण्यावर असताना कमोडची कड बाहेरच्या पातळीच्या वर येते की खाली, आणि टाकीला जागा कोणत्या बाकाखाली आहे, एवढं कळवलंत तर वळसा कुठून काढायचा ते सांगते.