पप्पा म्हणतात, तुम्ही वचन सोडलं

प्रश्न: सलाम. आम्ही मूळचे जालन्याचे, आता टोरंटोजवळ राहतो. यंदा उन्हाळ्यात सासू-सासरे येऊन गेले. सासऱ्यांचं सगळं आयुष्य मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात गेलेलं. इथल्या चर्चमध्ये बायका डोकं झाकत नाहीत, लोक बूट घालून बसतात, ड्रम-गिटारवर गाणी होतात. हे पाहून पप्पा म्हणाले, "तुम्ही वचन सोडलं," म्हणजे बायबलची शिकवण सोडली. नवऱ्याला ते फार लागलं. पण त्याचंही मला पटत नाही. तो हल्ली एका प्रचारकाच्या ऑनलाइन सभा ऐकतो. "दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) द्या, यंदा तुमची पीआर (इथे कायम राहण्याची परवानगी) होणारच" असं तिथे सांगतात आणि हा पैसे पाठवतो. मुलगी तेरा वर्षांची आहे. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. पप्पांना तिचं दृढीकरण (बाप्तिस्म्याची श्रद्धा स्वतः कबूल करण्याचा विधी) येत्या नाताळात जालन्यातच हवं आहे. वचनाला धरून राहायचं तर मी कुणाचं ऐकू? — एक सून

उत्तर: ताई, सलाम.

पप्पांच्या तक्रारी एका गाठोड्यात आल्या आहेत, त्या सुट्या करून बघा. बूट काढण्याची रीत आपल्याकडची. गावाकडच्या मंडळ्यांत सतरंजीवर बसायचं, पुरुष एका बाजूला आणि बाया दुसऱ्या बाजूला, दाराशी चपलांचा ढीग. मला ती आवडते. पण जळत्या झुडपापाशी मोशेला पायतण काढायला सांगितलं, त्यावरून बर्फाच्या चिखलातून आलेल्या माणसांसाठी आज्ञा निघत नाही. गाण्यांचं तर काय सांगावं! पप्पा 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली जी गीतं डोळे मिटून म्हणतात, त्यांतली कितीतरी नारायण वामन टिळकांची. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. त्यांनी अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्त गायला, तेव्हा मिशनऱ्यांच्या भाषांतरित गीतांना सरावलेल्या कानांना तेही नवंच होतं.

डोक्यावरच्या पदराचं मात्र असं उडवून लावता येणार नाही. बायबलमधल्या, पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात ते चक्क लिहिलेलं आहे. ती आज्ञा सगळ्या काळासाठी की त्या शहरातल्या रिवाजापुरती, यावर देवभीरू माणसांचीही दोन मतं आहेत. मला दुसरं मत पटतं. पण पप्पांना पहिलं पटत असेल तर ते मागासलेले ठरत नाहीत. त्यांच्यासोबत उपासनेला जाताना ओढणी डोक्यावर घेतलीत तर तुमचं काही जात नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच वेळेसाठी आहे.

आणि एक. माणसांचे संप्रदाय धरता आणि देवाची आज्ञा सोडता, असं येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाला, मार्कच्या सातव्या अध्यायात सुनावलं. सासऱ्यांपुढे ते वचन टाकायचा मोह तुम्हाला किंवा तुमच्या नवऱ्याला होईल. टाकण्याआधी पुढच्या चार ओळी वाचा. येशूने तिथे दाखला दिला तो देवाला अर्पण केल्याचं निमित्त सांगून आईबापांना टाळणाऱ्या मुलांचा. जालन्याला दरमहा जाणारे पैसे या दशमांशापायी कमी झाले असतील, तर ते वचन उलटून तुमच्याच घरावर येतं.

खरी काळजी मला या दशमांशाची वाटते.

असे प्रचारक दोन वचनं हमखास वापरतात. एक मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं: दशमांश भांडारात आणा आणि मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते पाहा. त्याच अध्यायाची पाचवी ओवी (बायबलच्या वचनालाही ओवी म्हणतात) मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. मजुराची मजुरी दाबणारे, विधवा-अनाथांना गांजणारे आणि परक्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध देव तिथे स्वतः साक्षीला उभा राहतो. दशमांशाचं काय व्हायचं तेही अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात स्पष्ट आहे. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा. वतन नसलेला लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला), परका, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा. म्हणजे हा पैसा ज्यांच्यासाठी होता, त्यांत परक्या देशात कागदांची वाट पाहत बसलेली माणसं येतात. त्यांच्याकडूनच तो गोळा करायचा, हे शास्त्राला धरून कसं?

दुसरं वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. आपल्याकडे ते कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, आता व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरही दिसतं. ते ज्या पत्रात आहे, ते पत्र यरुशलेमेतून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. परदेशात राहणाऱ्यांना लिहिलेलं पत्रच म्हणा ना. अकराव्या ओवीच्या आधीची दहावी म्हणते, सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत परत जाणं नाही. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, लेकराबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आता एक अध्याय मागे या. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत मिळेल, नेलेली माणसंसुद्धा. यिर्मया आधी काय म्हणतो माहीत आहे? "आमेन." त्यालाही तेच हवं होतं. पण हवं असणं वेगळं आणि देव बोलला असं सांगणं वेगळं. हनन्याने देवाच्या नावावर तारीख दिली, लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावला आणि त्याच वर्षी तो मेला. मग लिहिलेल्या पत्रात आठव्या-नवव्या ओवीतच बजावलेलं आहे की अशा संदेष्ट्यांना फसू नका. कुणी पीआरचं साल सांगू लागला की मला हनन्या आठवतो.

हे सगळं नवऱ्याला तुम्ही सांगू नका. तो ऐकणार नाही आणि घरात वाद होईल. तुमची रविवारची सकाळ ती जालन्याची संध्याकाळ. व्हिडिओ कॉलवर पप्पांना म्हणा, "यिर्मयाचे अठ्ठावीस आणि एकोणतीस हे दोन अध्याय आम्हाला वाचून दाखवा." एक ओवी नाही, अख्खे दोन अध्याय. नवऱ्याने नुसतं शेजारी बसावं. पप्पांनाही बरं वाटेल, आणि बुटांवरून बोलायला वेळ कमी उरेल. बिरुया शहरातल्या लोकांनी पौलासारख्या प्रेषिताचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून ताडून पाहिलं, आणि प्रेषितांची कृत्ये त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हणतात. मग ऑनलाइन प्रचारकाला ताडून पाहायला कसली भीती? तोवर पैसे पाठवायचे थांबवा. फार तर तेवढेच जालन्याच्या मंडळीतल्या एखाद्या विधवेच्या घरी जाऊ द्या.

मुलीने इंग्रजीत वाचलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते डोकावतंय. चालेल. मिशनरी विल्यम कॅरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली मराठी नवा करार निघाला तो लोकांना समजावा म्हणूनच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षं सोप्या मराठीतल्या बायबलसाठी घातली, तीही साध्या बायामाणसांना वाचता यावं म्हणून. नहेम्याच्या आठव्या अध्यायातही नियमशास्त्र वाचून त्याचा अर्थ उलगडून सांगितला, तेव्हा लोक रडले. आजोबा मराठीत वाचत असताना तिने इंग्रजी समोर धरावं. बायबलच्या अ‍ॅपवर दोन्ही मिळतात, मराठी ऐकायलाही मिळतं. महिन्याभरात ती तुम्हाला शब्द विचारू लागेल.

दृढीकरणाचं मात्र आधी मुलीला विचारा. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही तिच्या वतीने जे कबूल केलं, ते आता तिने स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं असतं. आजोबांची हौस म्हणून ते होत नाही. ती हो म्हणाली तर जालन्याच्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आत्ताच लिहा. सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) मंडळी असेल तर दृढीकरण बिशपांच्या हातून होतं आणि नाताळात त्यांची तारीख मिळणं अवघड. तयारीचे वर्ग इथल्या पाळकांकडे घेतले तर चालतील का, तेही विचारून ठेवा. ती "अजून नाही" म्हणाली, तर पप्पांना ते तिच्या वडिलांनी सांगावं. सुनेने नाही.