टेबलाखालचा हात

ताई,

वय ६८. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालो, १९८१ साली अमेरिकेत आलो. न्यू जर्सीत एडिसनला स्वतःचं घर आहे. मागच्या वर्षी निवृत्त झालो. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. उजवा हात थरथरतो, चाल मंदावली आहे, दिवसातून चार वेळा गोळ्या. बाकी बरा आहे.

आता कायमचं सांगलीला परत यायचं आहे. गावभागात आमचं जुनं घर आहे. खाली थोरले बंधू अण्णा (वय ७५) आणि वहिनी राहतात. वरचा मजला माझ्या वाटणीचा, तो बंदच असतो. मी सगळा अभ्यास केला आहे. ४१ ओळींचा एक्सेल तक्ता तयार आहे : ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात राहू देणारं), सोशल सिक्युरिटी (इथलं सरकारी पेन्शन), मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा इथला सरकारी आरोग्यविमा) भारतात चालत नाही तर त्याचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा हप्त्याचा भाग, चालू ठेवायचा की सोडायचा, तिकडचा आरोग्यविमा, कर, न्यूरॉलॉजिस्ट, औषधांच्या किमती. डिसेंबरची तिकिटं बघून ठेवली आहेत.

मुलगा ऑस्टिनला असतो. तो म्हणतो, 'बाबा, इथली ट्रीटमेंट सोडून जाणं हा वेडेपणा आहे.' हिचं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे. माझं म्हणणं एकच, तिकडे आपली माणसं आहेत. इथे बर्फ पडला की आम्ही दोघंच. अण्णांशी दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, अर्धा तास छान गप्पा होतात. (तेव्हा हात मी टेबलाखाली ठेवतो. फारच थरथरायला लागला की ही फोन स्वतःकडे फिरवते. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.)

मुलगा बरोबर की मी, एवढंच सांगा.

– एक सांगलीकर, एडिसन

*

सांगलीकर,

अख्ख्या पत्रात तुम्ही एकच गोष्ट कंसात सारलीत. मी उत्तर देणार आहे ते त्या कंसाला. मुलगा बरोबर की तुम्ही, हे मी सांगणार नाही. मला त्यात फारसा रसही नाही.

चार वर्षं. वर्षाचे बावन्न रविवार धरा. दोनशेहून जास्त वेळा तुम्ही सख्ख्या भावासमोर बसलात आणि हात टेबलाखाली घातलात. आणि आता त्याच भावाच्या डोक्यावरच्या मजल्यावर कायमचे राहायला जाणार आहात. तिथे टेबल कुठून आणणार?

त्या ४१ ओळींत अण्णा कितव्या ओळीत आहेत? ओसीआय आहे, कर आहे, गोळ्यांच्या किमती आहेत. ज्यांच्यासाठी म्हणून जायचंय त्या माणसांना एकही ओळ नाही. आजार तर सांगितलेला नाहीच, पण तुम्ही कायमचे येताय हे तरी अण्णांना विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. वरचा मजला तुमच्या वाटणीचा, कबूल. पण जिना, नळाचं पाणी, दाराची बेल, रात्री दोन वाजता धप्पकन आवाज आला तर उठणं, हे सगळं खालच्या मजल्याच्या वाटणीला येणार. तिथे पंचाहत्तर वर्षांचा एक माणूस आणि त्याची बायको राहते.

तक्त्यातली उत्तरं तुम्ही शोधलेली दिसतात, म्हणून भरभर सांगते. अमेरिकेचे नागरिक असाल तर सोशल सिक्युरिटी इकडे मिळत राहते. पार्ट बी सोडलात आणि पुढे परत घ्यायची वेळ आली, तर सोडलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, तो कायमचा. शिवाय नावनोंदणीसाठी जानेवारी ते मार्च यायची वाट बघावी लागते. पहिलं वर्षभर तरी हप्ता भरत राहा, नाही जमलं तर परतायचा रस्ता उघडा राहील. इकडे नवा आरोग्यविमा घ्यायला ६५ वर्षांच्या वयाची जी अट असायची ती २०२४ साली उठली. आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळायला थांबायची मुदतही चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. तरीही कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकते, तेव्हा तीन वर्षांचा खर्च खिशातून होईल असं धरूनच चाला. मुलाला म्हणावं, बाबांची मुख्य गोळी लेव्होडोपा-कार्बिडोपाच आहे ना? ती इकडे दुसऱ्या नावाने मिळते आणि तिकडच्या मानाने पुष्कळ स्वस्त. आणि सांगलीच्या शेजारी मिरज आहे. आजारी माणसाला घेऊन मिरजेला जायची त्या भागाची शंभर वर्षांहून जुनी सवय आहे. झाला तक्ता.

आता एक गंमत बघा. विम्याच्या अर्जात तुम्ही 'पार्किन्सन्स, चार वर्षं' असं स्वच्छ लिहाल. लपवलं तर पुढे पैसे नाकारतात, हे तुमच्यासारख्या माणसाला पक्कं ठाऊक असणार. म्हणजे विमा कंपनीला खरं सांगायचं, आणि अण्णांना नाही.

तुम्हाला वाटतं, तुम्ही काळजी लपवताय. अण्णांना तिकडून काय दिसतं, ते मी सांगते. या आजारात फक्त हात थरथरत नाही. चेहऱ्याचे स्नायू आखडतात, हसू डोळ्यांपर्यंत पोचत नाही, आवाज खोल जातो, वाक्यं तुटक होतात. चार वर्षांपूर्वी खो-खो हसणारा भाऊ हल्ली दगडासारखा बसतो, दोन शब्द बोलतो आणि तेवढ्यात फोन बायकोकडे जातो. अण्णांनी आजार ओळखला नसेल, पण काहीतरी ओळखलंच असेल. 'धाकट्याला आता आमच्याशी बोलायचा कंटाळा येतो' असं थोरल्या वहिनी कॉल संपल्यावर म्हणत नसतील कशावरून? काळजीऐवजी तुम्ही त्यांना शिष्टपणा दाखवताय, सांगलीकर. मला विचाराल तर काळजी परवडली.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या वडिलांना हाच आजार होता, आपण त्याला कंपवात म्हणतो. त्यांचा संध्याकाळचा पत्त्यांचा अड्डा होता, चौघांचा, तीस वर्षांचा. पत्ते पिसताना हातातून सांडायला लागले तसे त्यांनी जाणं बंद केलं. मग लग्नाच्या पंगती बंद, कारण आमटीची वाटी तोंडापर्यंत पोचत नसे. आम्ही मुलांनी त्यांना साथ दिली. कुणी विचारलं की 'बाबांना जरा सर्दी आहे.' पाच वर्षं सर्दी! ते गेल्यावर अड्ड्यातले एक काका आले, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अगं, पत्ते मी पिसले असते की." मी त्यांना चहा द्यायचा म्हणून आत गेले ती बाहेर यायला मला खूप वेळ लागला. त्यामुळे 'उगाच घोर नको' हे वाक्य कुणी माझ्यापुढे टाकलं की मला राग आवरत नाही. तुमचाही येतोय.

आणि हे गुपित घेऊन गावभागात राहायला आलात तर काय होईल, तेही बघा. लेव्होडोपा रिकाम्या पोटी घ्यायची, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. प्रथिनांबरोबर पोटात गेली की ती नीट लागू पडत नाही. थोरल्या वहिनींना हे माहीत नसेल तर बरोबर गोळीच्या वेळेला त्या मटकीची उसळ, भात आणि वाटीभर दही पुढ्यात ठेवतील आणि 'अमेरिकेहून आलाय, आधी जेव' म्हणतील. तुम्ही मान खाली घालून जेवाल, गोळी बाथरूममध्ये जाऊन उशिरा घ्याल, आणि दुपारी जिन्याच्या तोंडाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहाल. मग शेजारचं कुणीतरी कवचबीजाचं चूर्ण आणून देईल, म्हणजे आपली खाजकुयली. वैद्य ती कंपवातात पूर्वापार देत आलेत आणि ते उगाच नाही, तिच्या बियांत लेव्होडोपाच असतो. म्हणूनच चार वेळच्या गोळ्यांवर ते चूर्ण डॉक्टरांना न विचारता घेणं म्हणजे मोजमाप न ठेवता डोस वाढवणं. घरातल्यांना आजार आणि औषध दोन्ही ठाऊक असेल तर त्या डबीला कुणीतरी वेळेवर हरकत घेईल.

उलट अण्णांना माहीत असेल तर? पाय खिळतात ते बहुतेक अरुंद दारात, वळताना, गर्दीत. जमिनीवर आडवी पट्टी दिसली की पुष्कळांचं पाऊल उचललं जातं. स्वस्तातल्या रंगीत चिकटपट्टीचं काम, अण्णा एका दुपारी बोळभर लावून टाकतील. जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला लाकडी दांडा, वर कमोड, न्हाणीघरात खाली खरखरीत फरशी. हे गवंडी-सुतार तुम्ही एडिसनहून व्हॉट्सॲपवर लावणार आहात का? की विमानतळावरून थेट जुन्या घराच्या उभ्या जिन्यापुढे येऊन ठेपणार आहात?

अजून एक. तुम्ही टेबलाखाली हात ठेवता, तर अण्णा फोनच्या चौकटीबाहेर काय ठेवत असतील? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभागातले लोक होडीतून बाहेर काढले. तेव्हा अण्णा फोनवर काय म्हणाले होते, आठवून बघा. 'तशी काळजी नाही, पाणी ओसरतंय.' पैजेवर सांगते, असंच काहीतरी. २०२१ ला पुन्हा पूर आला, तेव्हाही तेच. वहिनींचे गुडघे, अण्णांचं ऐकू येणं, जिना चढताना लागणारा दम, यातलं तुम्हाला किती माहीत आहे? ज्या 'आपल्या माणसां'च्या भरवशावर तुम्ही निघालात, त्यांना कदाचित तुमचा भरवसा वाटत असेल. धाकटा येतोय, आता आधार झाला, असं. दोन्हीकडचे दोघं दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकायला एकाच घरात शिरतील आणि कुणाचाच खांदा मोकळा नसेल. मी घाबरवत नाही. असं असूनही एकत्र राहता येतं, चांगलं राहता येतं. कामाला बाई, रात्रीला एखादा मुलगा, पुराच्या दिवसांत विश्रामबागेकडे भाड्याची खोली, यातून मार्ग निघतो. पण त्यासाठी चौघांनी एकदा खरं बोलायला लागतं.

तेव्हा डिसेंबरच्या तिकिटांना हात लावायचा नाही. येत्या रविवारी एकच काम करायचं.

तुमच्याकडची सकाळ, अण्णांकडची दिवेलागण. फोन हातात धरायचा नाही, चहाच्या डब्याला टेकवून उभा करायचा, म्हणजे कुणाला फिरवता येणार नाही. दोन्ही हात टेबलावर, कॅमेऱ्यापुढे. आणि गोळी नुकतीच लागू झाली आहे, हात शांत आहे, अशी वेळ निवडायची हुशारी करू नका. तुमचं डोकं त्या दिशेला चालणार, म्हणून आधीच सांगून ठेवते. गोळीची वेळ होत आलेली असताना फोन लावा. जमलं तर कपबशी घेऊन बसा. वाजू दे बशी. आणि म्हणा, "अण्णा, मला कंपवात आहे. चार वर्षं झाली. तुझ्यापासून लपवलं. आम्ही वरच्या मजल्यावर राहायला यायचं म्हणतोय. तुला आणि वहिनींना झेपेल का?"

झेपेल का, हे विचारायचं आहे. 'येतोय' असं कळवायचं नाही.

अण्णा रागावतील, बहुतेक तुमच्या आजारावर नाही, त्या चार वर्षांवर. रागावू द्या, मध्ये बोलू नका. कदाचित ते नाही म्हणतील. तसं झालं तर ते या रविवारी कळलेलं बरं, डिसेंबरात बॅगा उघडल्यावर नको. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, आजारी माणसं आणि त्यांना सांभाळणारी माणसं तिथे एकत्र जमतात. मग पुण्यात लिफ्ट असलेलं छोटं घर घेऊन सांगलीला सणावाराला जाता येईल. त्याचा दुसरा तक्ता करा, तो तुम्हाला छान येतो.

आणि फोन फिरवणाऱ्या बाई, तुमचं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे, असं यांनी लिहिलंय. मला नाही वाटत. चार वर्षं एक डोळा यांच्या हातावर आणि एक फोनवर ठेवून तुम्ही दमलाय. पण त्या लपवाछपवीत तुम्हीही आहात, माझ्या आईसारख्याच. येत्या रविवारी तो अर्धा तास शेजारी नुसत्या बसा. फोनला हात लावू नका, आणि यांचं वाक्य अडलं तरी पुरं करू नका.

नंतर मला लिहा. तक्ता नको. ते ऐकून झाल्यावर अण्णा पहिलं वाक्य काय बोलले, तेवढंच कळवा.