आई-बाबांसोबत दुबईला जाताना औषधांच्या किटमध्ये काय काय घ्यावं?

आई-बाबांच्या रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आधी भरा, मुक्कामापेक्षा चार-पाच दिवसांच्या जास्तच घ्या आणि त्या केबिन बॅगेतच ठेवा. इन्सुलिन असेल तर चेक-इनमध्ये अजिबात टाकू नका, तिथे गोठलं तर ते वाया जातं. बाकी पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, ओआरएसची पाकिटं, बँडेड, क्रेप बँडेज, पोटासाठी जे नेहमी चालतं ते. कात्री मात्र चेक-इनला.

खरी काळजी वेगळीच आहे. आपल्याकडे सहज घरात पडलेली कोडीनवाली खोकल्याची बाटली, दुखण्यासाठीची ट्रामाडॉल, झोपेसाठीची अल्प्राझोलाम हे सगळं युएईमध्ये कंट्रोल्ड आहे, लागतच असेल तर तिथल्या सरकारची परवानगी निघायच्या आधी ऑनलाइन काढा, नाहीतर एअरपोर्टवर म्हाताऱ्या माणसांना उगाच मनस्ताप होईल. आणि हो, खसखससुद्धा नेऊ नका, तिथे बंदी आहे.

गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरायची आईला सवय असेल तर या वेळी नको म्हणून सांगा, नाव-एक्सपायरी दिसायला हवी. डॉक्टरांकडून टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन घ्या, त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपली क्रोसिन तिथे पॅनाडॉल नावाने मिळते.